चौथ्या कोपऱ्याचा पोर्ट

सगळ्यात आधी एक नाव — निर्मला दांडगे मॅडम. मी आज जो काही आहे तो त्यांच्यामुळे. म्हणून गोष्ट कशाचीही असली तरी माझी सुरुवात तिथूनच होते.

आमचं घराणं मेंढपाळांचं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर चढायचं आणि माझं नाव हजेरीपटावर नुसतंच राहायचं. मी सातवीत असताना मॅडम तीर्थपुरीच्या शाळेतून स्कूटीवर निघाल्या, विचारत विचारत आमची मेंढरं बसली होती त्या रानात आल्या आणि माझ्या वडिलांसमोर ढेकळावर बसल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडं राखायला माणसं आहेत. हा मला द्या." वडिलांनी एकदा मेंढरांकडं पाहिलं. मग आईला म्हणाले, "मास्तरीणबाईला चहा ठिव." त्या चहावर माझं बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स उभं आहे. त्याआधी आमच्यात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं.

मॅडम विज्ञान शिकवायच्या. एकदा गावात एका बाईच्या अंगात आलं, तर आम्हाला तिच्या नाडीचे ठोके मोजायला घेऊन गेल्या. मोजा, लिहा आणि तिची चेष्टा करू नका, एवढंच सांगितलं. अशा बाईच्या हाताखाली शिकलेला माणूस भुताखेतांवर विश्वास ठेवेल का? मी कधीच ठेवला नाही. भुताखेतांचे अनुभव सांगायच्या या ग्रुपवरचे जुने लोक मला ओळखतात. कुणी पांढरी आकृती पाहिली की "मोबाईलचं मॉडेल सांगा, फ्लॅश चालू होता का" असं विचारणारा तो खडूस मीच. आता पाळी माझी आहे. विचारा काय विचारायचं ते... फक्त आधी पूर्ण वाचा.

मी परतूरला राहतो. कॅमेरे बसवणं, घरोघरचे राऊटर लावणं, बिघडले की जाऊन बघणं, हे माझं काम. परतूरहून आष्टीला जाताना गाव यायच्या थोडं आधी एक ओढा लागतो. तो ओलांडला की डाव्या हाताला कच्ची वाट, आणि वाटेच्या टोकाला पत्र्याच्या दोन खोल्या, समोर आवार, मागं मेंढवाडा. तिथं गयाबाई आजी एकट्या राहतात. सत्तरी ओलांडलेली. नवरा जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा दत्ताभाऊ जालन्यात फ्लॅटमध्ये, मुलगी संगीताताई पुण्यात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला.

दत्ताभाऊंचं म्हणणं, मेंढरं विका आणि आईनं जालन्याला यावं. आजींचं म्हणणं, मी येत न्हाई. ताईनं मधला मार्ग काढला — आवाराला कॅमेरे लावायचे, ती पुण्यातून मोबाईलवर दिवसातून चार वेळा बघणार. दत्ताभाऊ तयार झाले, पण अट घालून. कॅमेरे बंद असताना आईला काही झालं, तर त्याच आठवड्यात मेंढरं बाजारात. तीन कॅमेऱ्यांवर एका बाईचं घर टांगलेलं होतं, आणि ते कॅमेरे लावायला गेलो होतो मी.

मी लॅपटॉप घेऊन खाटेवर बसलो तशा आजी समोर उकिडव्या बसल्या.

"काय करून राह्यला रे लेकरा?"

"आजी, एकेका कॅमेऱ्याला नंबर देतोय. हा राऊटर आपल्या मनानं नंबर वाटतो, पण लाईट गेली-आली की तो बदलूही शकतो. म्हणून पक्का करून ठेवतोय. स्टॅटिक आयपी म्हणतात त्याला."

"म्हंजी मेंढरानं रोज आपल्याच जागी बसावं."

"बराबर. आता ताई पुण्यातून बघणार, तिची हाक या डब्यापाशी येणार. डब्याला सांगून ठेवायचं की या दारानं हाक आली तर या कॅमेऱ्याकडं पाठव, त्या दारानं आली तर त्याच्याकडं. हे पोर्ट फॉरवर्डिंग."

"म्हंजी डबा राखणदार हाय."

"हो, तसंच."

"मंग एवढ्यासाठी कालिजात गेल्ता व्हय?"

मला हसू आवरेना. तीन वर्षं प्राध्यापकांनी जे फळ्यावर शिकवलं ते या बाईनं दोन वाक्यांत आटोपलं होतं.

इंटरनेटवाल्याकडून त्या लाईनला पक्का बाहेरचा पत्ता आधीच घेऊन ठेवला होता. आवाराच्या तीन कोपऱ्यांना तीन कॅमेरे लावले. त्यांचे आतले पत्ते 192.168.1.21, 22 आणि 23. बाहेरची दारं 8021, 8022, 8023. प्रत्येकाला पासवर्ड. चौथ्या कोपऱ्यात पाण्याचा हौद आणि कडब्याची गंजी. तिथं आजी जाऊन-येऊन पाच मिनिटं असतात, तिथं काय बघायचं, असा विचार मी केला. ऑर्डरही तीनचीच होती.

"अन् चौथ्या कोपऱ्याचं?" आजींनी विचारलं.

इथं एक गोष्ट सांगावी लागेल. रानात मेंढरं बसवली की त्यांच्याभोवती जाळी लावतात, तिला वाघर म्हणतात. आमच्या घरी आणि ओळखीच्या काही घरी अशी रीत आहे की तीन कोपऱ्यांवर माणसं झोपतात आणि चौथ्यावर काठी रोवून तिच्यावर घोंगडं टाकतात. ती जागा घरातलं जे माणूस गेलंय त्याची. तिकडं कुणी पाय करून झोपत नाही. मी लहान असताना आमच्याकडं पणजोबांची काठी होती. मला ती फक्त वाळत घातलेल्या कपड्यासारखी दिसायची.

"तीनच सांगितलेत आजी," मी म्हणालो.

"कॅमेरा न्हाई म्हणून कोपरा उघडा ठिवायचा? काठी तर रोव."

"या मशीनमध्ये काठी कशी रोवू?"

"ते मला काय म्हायती? तू शिकलेला."

आणि... मी रोवली. राऊटरच्या पानावर चौथी ओळ टाकली. बाहेरचं दार 8024, आतला पत्ता 192.168.1.24, आणि नावाच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत लिहिलं — काठी. त्या पत्त्यावर काहीही नव्हतं. कॅमेरा नाही, वायर नाही, काहीच नाही. आमच्या कामात ही चूक आहे. वापरात नसलेला पोर्ट उघडा ठेवू नये, हे मीच दुसऱ्यांना सांगत फिरतो. पण आजींनी पडद्यावर बोट ठेवून "ही का?" विचारलं, मी "ही" म्हणालो, आणि त्यांनी पदर डोक्यावरून नीट केला. आपल्याच माणसांतली म्हातारी, तिला नाही कसं म्हणायचं? दुसऱ्या दिवशी त्यांनी खरी काठीही त्या कोपऱ्यात रोवली. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या आजोबांची. तिच्यावर आजोबांचंच काळं घोंगडं.

वर आणखी एक चूक केली. ताईला लिंका पाठवताना राऊटरवरची यादी जशीच्या तशी चिकटवली. चार लिंका गेल्या. ताईनं चौथी उघडून बघितली, "पेज उघडत नाही" असं आलं. मी म्हणालो, "सोडा ती, आजींची गंमत आहे." तिनं ती पुसली नाही, मीही आठवण केली नाही.

पुढं तीन आठवडे सगळं सुरळीत. आजी सकाळी चहाची कपबशी पहिल्या कॅमेऱ्यासमोर धरायच्या. ताई फोनवर म्हणायची, "कॅमेऱ्याला चहा काय दाखवतीस आई, मला मिळून राह्यलाय का?" आणि आजी म्हणायच्या, "मंग ये की प्यायला. रस्ता बंद हाय का?"

एका मंगळवारी संध्याकाळी ताईचा फोन आला की तिन्ही कॅमेरे दिसत नाहीत. गेलो. राऊटरच्या अडॅप्टरला जळका वास येत होता, व्होल्टेजनं गेलेला. कॅमेऱ्यांची वीज वेगळ्या डब्यातून होती, ते चालू होते आणि आपापल्या मेमरी कार्डवर चित्र साठवत होते. पण फायबरची वायर येते ती राऊटरमध्ये, आणि राऊटर मेला म्हणजे बाहेर जायचा रस्ताच बंद. त्या मापाचा अडॅप्टर माझ्याकडं नव्हता. जळका काढून बॅगेत टाकला आणि ताईला सांगितलं, उद्या सकाळी नऊला नवीन लावतो.

बुधवारी सकाळी परतूरमध्येच एका क्लासवाल्याचा फोन आला. त्याच्याकडं मुलांची ऑनलाईन परीक्षा आणि नेट बंद. म्हटलं अर्ध्या तासाचं काम आहे. दहाला ताईचा मेसेज आला, "झालं का?" मी लिहिलं, "हो ताई, झालंच." झालंच म्हणजे होईलच, असं मी स्वतःला समजावलं. ते खोटं होतं. हे इथं कुणी मला विचारणार नव्हतं, तरी लिहितोय. कारण पुढचं जे सांगणार आहे त्यावर विश्वास ठेवा म्हणताना मला माझंच खोटं लपवायचं नाही.

क्लासमध्ये दुपार झाली. उन्हाळ्याचे दिवस, बाहेर फुफाटा. पावणेदोनच्या सुमारास ताईचा फोन.

"भगवान, आई पडली! मंगलकाकू पोचल्या तिच्यापाशी, गाडी बोलावली. तू लगेच जा."

मंगलकाकू म्हणजे शेजारच्या मळ्यातल्या.

"निघालोच ताई. पण तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? कॅमेऱ्यात दिसली. बाकीचे तिन्ही उघडेनात, मग मी चौथी लिंक दाबली. तिच्यात दिसली."

मी बॅग उघडून आत बघितलं.

"ताई... मी अजून तिकडं गेलो नाही. राऊटर बंद आहे. जळका अडॅप्टर माझ्या बॅगेत आहे."

मागून लॅबमधल्या मशीनचा आवाज येत होता. ताई हळूच म्हणाली, "मग मी पाहिलं काय?"

तिनं जे पाहिलं ते मीही पाहिलंय, कारण मंगलकाकूंना जागा कळावी म्हणून तिनं त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून पाठवला होता. तो माझ्याकडं आहे. वर पत्त्याच्या पट्टीत आमच्या लाईनचा पत्ता आणि शेवटी 8024. पासवर्ड मागितला नाही. चित्र हलत नव्हतं, नुसता फोटो, रंग जरा विटके. हौद आणि गंजीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आजी कुशीवर पडलेल्या, बादली कलंडलेली, एक हात हौदाच्या कडेकडं ताणलेला. ताईनं पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं, तर तोच फोटो. फोन लावायला पान बंद केलं, आणि नंतर ते उघडलंच नाही.

मी पोचलो तेव्हा आजींना परतूरला हलवलं होतं, तिथून जालन्याला. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले की त्या उन्हात, त्या वयात, अजून दोन-तीन तास पडून राहिल्या असत्या तर आम्हाला काही करता आलं नसतं. मंगलकाकू त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिकडं फिरकणार नव्हत्या. मी कधी पोचलो असतो, देव जाणे.

राऊटर जागेवर, थंड, एकही दिवा नाही. मागची पिन मोकळी. चार वाजता नवीन अडॅप्टर लावला, आणि मग शोधायला लागलो. राग आला होता मला. कुणावर, ते कळत नव्हतं.

आता तुमच्या कमेंट. ब्राउझरमध्ये जुनं चित्र साठून राहिलं असेल, म्हणाल. आजी त्या जागी त्याआधी कधी पडल्याच नव्हत्या, तर जुनं चित्र येणार कुठून? दुसऱ्या कुणाचा कॅमेरा चुकून त्या पत्त्यावर आला असेल — त्याच्यात आमच्या आजी कशा दिसतील? ताईनं बनवलं असेल, असंही एकानं मला तोंडावर म्हटलं. मंगलकाकूंच्या मोबाईलवर तो स्क्रीनशॉट त्या घरातून निघायच्या आधी आलेला आहे. तो बघूनच त्या थेट गंजीमागं गेल्या. इंटरनेटवाल्याकडं जाऊन मी त्या लाईनची नोंद पाहिली. मंगळवारी संध्याकाळपासून बुधवारी चारपर्यंत त्या घरून माहितीचा एक कणही पुढं गेलेला नाही. त्यानं विचारलं, "कामून बघून राह्यला एवढं? तक्रार हाय का?" मी म्हणालो, नाही, कुतूहल.

तिसऱ्या कॅमेऱ्याच्या कार्डावर एक वाजून आठ मिनिटांनी आजी बादली घेऊन हौदाकडं जाताना दिसतात. परत येताना दिसत नाहीत. म्हणजे कॅमेरे नीट चालू असते, राऊटर ठणठणीत असता, तरी पुण्यातून ताईला रिकामं आवार दिसलं असतं. तो कोपरा मी सोडला होता.

आणि एक. मी मोबाईल घेऊन त्या कोपऱ्यात उभा राहिलो आणि फोटोतला कोन जुळवायला लागलो. हौदाची कड, गंजीचा उतार, मागं लिंबाचं खोड. पाठीमागं भिंत नाही, खांब नाही, काहीच नाही. जुळलं ते एकाच ठिकाणी. काठीपाशी, माझ्या खांद्याइतक्या उंचीवर. फोटोच्या वरच्या कडेला एक काळी, पुसट पट्टी आहे, तिच्यातून धागे लोंबल्यासारखे दिसतात. मी घोंगड्याची कड उचलून तिच्याखालून मोबाईल धरला... तेव्हा ती पट्टीही जुळली.

बस्स. एवढंच आहे. अर्थ मी लावत नाही.

गावात मात्र, कॅमेरा नसलेल्या कोपऱ्यातला तो फोटो मंगलकाकूंच्या मोबाईलवर बघून, दोन दिवसांत अर्थ लागला. त्या घरात काहीतरी आहे. कुणी म्हणालं बाधा, कुणी म्हणालं उतारा टाका. दत्ताभाऊंना हे आयतंच मिळालं. आजींचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना जालन्याच्या फ्लॅटवर आणलं होतं. ताई पुण्याहून आली होती. मला बोलावणं आलं.

आजी पलंगावर उशाला टेकून. दत्ताभाऊंनी मला बसाही म्हटलं नाही.

"काय इंजिनिअर साहेब, एकच सांगा. त्या दिवशी कॅमेरे चालू होते का बंद?"

ताई माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला कळलं. चालू होते म्हण. एवढं म्हण, आई घरी जाईल. राऊटर बंद होता हे तिला आणि मलाच माहीत होतं.

"बंद होते भाऊ," मी म्हणालो. "तुमच्या अटीच्या हिशोबानं बंदच. सकाळी नऊला येतो म्हणालो आणि गेलो नाही. ताईंना झालं म्हणून खोटं कळवलं. चूक माझी."

"ऐकलं आई? विषय संपला. मेंढरं इकून टाकतो."

"संपला नाही. सगळं बंद असताना फोटो आला, तेही धरा."

"अरे वा! बीएस्सी झाला, अन् भुताला पोर्ट काढून दिला का रे?"

"भूत मी म्हणत नाही. काय म्हणायचं ते मला बिलकुल माहीत नाही. पण माझ्या बोलण्यातलं सोयीचं घ्यायचं अन् उरलेलं फेकायचं, हे मी होऊ देणार नाही. एक तर दोन्ही धरा, नाही तर दोन्ही सोडा."

"गाव म्हणून राह्यलं की तिथं काहीतरी हाय. अशा जागी आईला ठिवू मी?"

माझा तोल सुटला. मोठ्या माणसाशी असं बोलू नये, पण बोललो. "असलं काही तर त्यानं आजींना उचलायला माणूस बोलावला भाऊ. तुम्ही जालन्यात होता, मी परतूरला, ताई पुण्यात माझ्या खोट्या मेसेजवर निवांत. आपल्यापैकी कुणी बोलावला?"

दत्ताभाऊ उठलेच. मला वाटलं आता कानाखाली बसते. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"मला कुणी इचारतं का?"

सगळे पलंगाकडं वळले.

"तीन कोपऱ्यावर तुम्ही तिघं व्हता. तिघंबी झोपल्ते. चौथा जागा व्हता." आजींनी दम घेतला. "अन् तुम्ही त्यालाच घराभाईर काढून राह्यले. काय म्हणावं तुम्हाला? पाणी दे गं संगे."

ताई पाणी आणायला उठली. दत्ताभाऊ गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी चप्पल घातली आणि निघालो. त्या दिवशी कुणीच काही ठरवलं नाही.

मला आजही उत्तर मिळालेलं नाही. तुमच्याकडं असेल तर द्या, मी मोकळ्या मनानं वाचीन. पण "तुझी काहीतरी गफलत झाली असेल" असं मोघम लिहू नका. माझी गफलत नक्की कोणती झाली, ते मी वर स्वतःच लिहिलंय. आणि "देवाची करणी" असंही लिहू नका, त्यानंही मला काही कळत नाही.

दांडगे मॅडम निवृत्त होऊन अंबडला राहतात. मोबाईलवर लांबलचक लिहिलेलं त्यांना वाचवत नाही, म्हणून त्यांना मी कागदावरच लिहितो. मागच्या महिन्यात पाठवलेलं पत्र खाली देतोय. पुढं काय झालं ते त्यात आहे.

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

आष्टीच्या गयाबाई आजींचं सगळं तुम्हाला मागच्या पत्रात लिहिलं होतं. तुम्ही उत्तरात विचारलंत, "त्या बाईचं पुढं काय झालं ते आधी सांग, राऊटरचं मग." म्हणून त्याच क्रमानं लिहितो.

आजी घरी आहेत. वॉकर धरून चालतात. मेंढरं विकली नाहीत. मंगलकाकूंचा पुतण्या ती रानात नेतो, आजी आवारात बसून त्याच्या चुका काढतात. दत्ताभाऊ मला काही बोलले नाहीत, पण दर शनिवारी संध्याकाळी ते आता जालन्याहून येतात आणि सोमवारी सकाळी जातात. हौदाभोवती त्यांनी स्वतःच्या हातानं खरबरीत फरशी बसवली. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "तू तुझ्या वायरी बघ." त्यांच्या मानानं ते बरंच झालं म्हणायचं.

एका रविवारी त्यांनी चौथा कॅमेरा आणला. मला बोलावलं आणि म्हणाले, त्या कोपऱ्यात लाव. मी शिडी लावत होतो, तोवर आजी वॉकर आपटत आल्या. म्हणाल्या, "ती जागा रिकामी न्हाई." दत्ताभाऊंनी आईकडं पाहिलं, काठीकडं पाहिलं, कॅमेरा खोक्यात घातला आणि गाडीत ठेवून दिला. मग तिसऱ्या कॅमेऱ्याचं तोंड हौदाकडं वळवायला सांगितलं. ते आजींनी चालवून घेतलं. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं मॅडम. ती माझी कमी.

राऊटरला बॅटरी बसवली आहे. जादा अडॅप्टर त्यांच्या घरातच टांगून ठेवलाय. आणि काम झाल्याशिवाय झालं असं मी आता कुणालाच लिहीत नाही.

तुम्ही विचारलंत की त्या चौथ्या पत्त्याची तपासणी मी पुन्हा केली का. केली. दर महिन्याला जातो, लॅपटॉप लावतो आणि त्या पत्त्याला हाक देऊन बघतो. उत्तर येत नाही. एकदाही आलेलं नाही. अडॅप्टर काढून पाहिलं, चालू ठेवून पाहिलं, दुपारच्या त्याच वेळेला पाहिलं. ताईच्या मोबाईलवरून पाहिलं. काही नाही. वहीत तारखा लिहून ठेवल्या आहेत, भेटीत दाखवीन.

माझ्या शिक्षणाप्रमाणे ती ओळ राऊटरवरून काढून टाकायला हवी. जिथं कुणी नाही तिथं दार उघडं ठेवणं चूक आहे, हे मला कळतं, आणि दुसऱ्या कुठल्याही घरी मी ते ठेवणार नाही. तुम्ही माझ्यावर रागावाल हेही माहीत आहे. माझा विश्वास बसला असं समजू नका. बसलेला नाही. पण त्या दुपारी आम्ही तिघं शिकलेली माणसं नको तिथं होतो, आणि हाक त्या दारानं आली. ते मी बंद करणार नाही. दत्ताभाऊंनी सांगितलं तरी नाही, आणि मॅडम, पहिल्यांदाच असं लिहितोय... तुम्ही सांगितलं तरी नाही.

तुमचा विद्यार्थी,
भगवान